दार इकडे आहे

भावजी गेल्याचा ताईचा फोन आला तेव्हा मी इथे लंडनमध्ये, ईलिंगला डेंटिस्टच्या खुर्चीत होते. इंजेक्शन नुकतंच दिलेलं, अर्धं तोंड बधिर. "नीलू, हे गेले गं... चहा घेता घेता गेले," ताई म्हणाली, आणि मला साधं "काय?" सुद्धा धड म्हणता येईना. रडू फुटलं तर तोंड एकाच बाजूने वाकडं होत होतं. नर्सला वाटलं मी घाबरले. ती आपली "इट वोन्ट हर्ट, लव्ह" म्हणत माझा हात थोपटत बसली. भावजींना हे सांगायला हवं होतं. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये ते अनेस्थेटिस्ट होते, आयुष्यभर लोकांना भूल दिली. रिटायर झाल्यावर औषधाशिवाय द्यायला लागलात, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचे आणि ते दर वेळी नव्याने हसायचे.

कारण त्यांचा विषय एकच. हॅम्पशरमधली पाडलेली घरं. पाडलेलीच हं. तिकीट काढून लोक जे राजवाडे बघायला जातात, त्यांत त्यांना काडीचा रस नव्हता. "ती काय, आहेतच," म्हणायचे. मी लग्न होऊन नवीन आले तेव्हा मला हे काय ठाऊक? भावजी म्हणाले, रविवारी तुम्हाला एक मोठा महाल दाखवतो. मी वेड्यासारखी पैठणी नेसले. तासभर ड्राइव्ह करून त्यांनी गाडी थांबवली ती एका कुरणापाशी. समोर गाई. मी विचारलं, "महाल कुठाय?" तर म्हणाले, "इथेच. पाडला. छप्पर गळायला लागलं, दुरुस्ती झेपेना, मग छपराचं शिसं विकलं, लाकूड विकलं, उरलं ते पाडलं." मग जुना नकाशा हातात धरून त्यांनी आम्हाला तो महाल खोली खोली दाखवला. मी पैठणी सावरत शेण चुकवत सरळ चालले होते, तर मागून आवाज आला, "अगं, भिंतीतून काय येतेस? दार इकडे आहे." मला वाटलं चेष्टा करतायत. पण चेहरा बघितला तर ऑपरेशनच्या आधी असावा इतका गंभीर. माझा नवरा शिरीष गुपचूप मागे फिरला आणि दारातून आत आला. मी नाही फिरले. मी तशीच भिंतीतून बॉलरूममध्ये गेले.

त्यांची खरी जोडी जमली आमच्या आईशी. आई पुण्याहून यायची तेव्हा तिलाही ते असल्या माळावर घेऊन जायचे. तिने एकदा त्यांना विचारलं, "अरविंदराव, एवढं मोठं घर, मग देवघर कुठे हो?" भावजी आनंदाने फुलले. त्यांचं चॅपेल होतं म्हणाले, त्या पांढऱ्या गाईच्या पलीकडे. आईने चपला काढल्या आणि हात जोडले. चॅपेलला की गाईला, ते तिचं तिला माहीत. त्या दिवसापासून सासूबाईंना सगळं कळतं असं भावजींचं मत झालं, ते शेवटपर्यंत टिकलं.

मी मात्र वैतागायचे. एकदा गोल्फ कोर्सच्या कडेला, पावसात, त्यांना म्हटलंच, "भावजी, जे नाहीच ते काय बघायचं?" ते म्हणाले, "नीलू, माणूस गेला की तेराव्याला निदान जेवायला तरी लोक येतात. घर गेलं की कोणी येत नाही... म्हणून मी येतो." मी छत्री तेवढी त्यांच्या डोक्यावर धरली.

मग ते दार आलं. जुन्या घरांचं सामान विकणाऱ्या एका यार्डातून भावजींनी असल्याच एका पाडलेल्या घराचं ओकचं दार आणलं, चौकटीसकट, पितळी कडीसकट. ताईच्या सेमी-डिटॅच्ड घरात ते कुठेच बसेना. मग त्यांनी ते मागच्या गार्डनमध्ये काँक्रीट ओतून उभं केलं. नुसतं दार. ना डावीकडे भिंत, ना उजवीकडे. शेजारच्या माल्कमने कुंपणावरून चौकशी केली की काही बांधताय का? भावजी म्हणाले, "नो नो, इट्स फिनिश्ड." कोणीतरी कौन्सिलला कळवलं. एक तरुण ऑफिसर आला, दाराभोवती दोन चकरा मारल्या, याला बांधकाम म्हणायचं की फर्निचर, हे काही त्याला ठरवता येईना. जाताना मात्र पाय पुसून दारातून गेला. भावजींनी तो निकाल आपल्या बाजूने लागला असं धरलं.

ताई त्या दारातून कधीही गेली नाही. कपडे वाळत घालायची दोरी दाराच्या पलीकडे, त्यामुळे बादली घेऊन ती रोज मुद्दाम बाजूने जायची, किचनच्या खिडकीकडे बघत. आणि खिडकीतून रोज आवाज यायचा, "भिंतीतून गेलीस." ती म्हणायची, "माझं घर तुमच्या मागे आहे, तिथे नाही." इतक्या वर्षांत दोघांपैकी एकही हटला नाही. हा त्यांचा संसार.

भावजी गेल्यावर ग्लासगोहून रोहनचा, माझ्या भाच्याचा, फोन, त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत. "मावशी, आई एकटा कसा राहणार? तू तिला तुझ्याकडे आण ना, प्लीज." मला ते पटलं. एवढ्या मोठ्या घरात ती एकटी काय करणार, पडली बिडली तर? मी आमची मागची खोली रंगवून घेतली. ताईला न सांगताच एस्टेट एजंटला घराचे फोटो दाखवले. तो म्हणाला, सगळं छान आहे, फक्त ते दार काढा, बायर्स कन्फ्यूज होतात. काढून टाकू, मी म्हटलं. ताईला आमच्या इथे देऊळ आहे, भाजी मिळते, मी आहे... काय काय सांगायचं ते सगळं ट्रेनमध्ये घोकत गेल्या शनिवारी साउथहॅम्प्टनला पोचले.

ताई मागे कपडे वाळत घालत होती. मी चहा केला, ट्रे घेतला, आणि नेहमीसारखी दाराच्या बाजूने निघाले.

"अगं, भिंतीतून काय येतेस? दार इकडे आहे."

मी जागच्या जागी थांबले. तोच सूर. ताईकडे बघितलं. तोंडात चिमटा, हातात भावजींचा धुतलेला शर्ट. हसत नव्हती.

मी मुकाट्याने मागे फिरले. दोन्ही हातांत ट्रे, कडी वाजवणार कशाने? चपलेने ठोठावलं. आतून ताईने दार उघडलं, मला आत घेतलं, माझ्या हातातला ट्रे घेतला आणि माझं ते सगळं घोकलेलं भाषण दाराबाहेरच राहिलं.

"लाव गं ते," ती म्हणाली. "वारा येतो."

मी दार लावलं... आणि खोटं कशाला सांगू, वारा जरा कमी झाला.