नागपुरात ‘पुसा’ म्हणजे काय

पुण्याहून रात्रभर बसून आलेली मी नागपूर स्टेशनच्या बाहेर पडले आणि मे महिन्याचं ऊन थेट कपाळावर आलं. सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते. अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की मी ते दुसऱ्या कुणावर ढकलते, तरी ऑफिसने मलाच पाठवलं, कारण आमच्या ॲपमधलं मराठी मी लिहिलेलं आहे.

आमचं ॲप गप्पांचं आणि फोटोंचंच, पण ब्लॉकचेनवर चालतं. एकदा टाकलेलं कुणाला बदलता येत नाही, आम्हालाही नाही. खात्याची किल्ली फक्त त्या माणसाच्या फोनमध्ये असते. ती गेली तर उपयोगी पडावेत म्हणून बारा इंग्रजी शब्द मिळतात, ते कागदावर उतरवून ठेवायचे. ही पायरी लोकांना नकोशी होते, म्हणून आम्ही ती टाळायची सोय दिली. नोंदणी भराभर वाढली आणि नागपुरात सगळ्यांत जास्त. ‘तिथे नेमकं काय जमलंय ते बघून ये, बाकीच्या शहरांत तेच करू,’ आमचे प्रमुख म्हणाले होते. गुंतवणूकदारांची बैठक चार दिवसांवर होती.

स्टेशनसमोर तर्री पोहे (वर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) घेतले.

“तर्री कमी टाकू का मॅडम? पुण्याच्या दिसता,” ठेलेवाला म्हणाला.

“नाही, टाका,” असं म्हणून मी पुढची दहा मिनिटं रुमाल सोडला नाही. तो शेजाऱ्याला म्हणाला, “सांगून राहिलो होतो ना गा.”

ऑटोने नंदनवन गाठलं. तिथल्या वनिताताई आमच्या अगदी सुरुवातीच्या वापरकर्त्या. सासर विणकरांचं, उमरेडचं. घरातला माग केव्हाच गेला, पण ताई साड्यांच्या किनारींचे नमुने अजून काढतात आणि उमरेडचे एक नातेवाईक ते विणतात. नमुने चोरले जातात. आमच्याकडे फोटोवरची तारीख कायमची राहते, म्हणून त्या ॲपवर आल्या होत्या.

कूलरसमोर बसवून त्यांनी पाणी दिलं. आतून सासूबाईंनी विचारलं, “काहून वं पोरी, इतक्या उन्हात तुले पाठवणारं कोन हाय?” मी पेला रिकामा केला.

ताईंनी फोन पुढे केला. त्यांची चार खाती होती: वनिता, वनिता दोन, नवी वनिता आणि खरी वनिता.

“चार कशाला, ताई?”

“मले काय हौस हाय? अडलं की तुमीच म्हणता, पुसा. मंग मी पुसलं.”

मला समजेना. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. ‘किल्लीची अडचण?’ आणि खाली बटण: ‘पुसा’. फोनमधली किल्ली पुसून टाकण्याचं ते बटण. सोपा, छोटा शब्द म्हणून मीच निवडलेला.

“मंग ते म्हणते, नक्की पुसायचं आहे? म्हटलं, हो बाबा, पुसायचंच हाय! तर काय पुसायचं ते लिहायले जागाच नाही. अन् खातं गायब. मंग नवं काढलं.”

इकडे पुसणं म्हणजे विचारणं. विचारपूस हा शब्द मी कितीदा लिहिला असेल, त्यातला ‘पूस’ काय करतो हे कधी मनात आलं नव्हतं.

“पहिल्या खात्यात माहे दोन वर्षांचे नमुने हायेत,” ताई म्हणाल्या. “एक व्यापारी मोराची किनार आपली म्हणून विकून राहिला. त्याले त्याच खात्यातून उत्तर द्यायचं हाय. तेवढं उघडून द्या.”

बारा शब्द त्यांनी लिहिलेले नव्हते, म्हणजे ते खातं उघडणं शक्य नव्हतं. तरी मी ‘बघते’ म्हणाले. तेवढं धैर्य माझ्यात असतं.

दुपारी बसने नागपूरजवळच्या कन्हानला गेले, कदाचित हा एकच घोटाळा असेल या आशेने. तिथल्या टेलरकाकांची पाच खाती निघाली. “माह्या नावाचे इतके लोक तर अख्ख्या कन्हानमंदी नाहीत,” ते हसत म्हणाले. त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसले तेव्हा ऑफिसातल्या आलेखावरची नोंदणीची चढती रेघ आठवली. माणसं तीच होती. दर वेळी बाहेर पडून पुन्हा दारातून येत होती.

दुसऱ्या दिवशी गाडीआधी वनिताताईंकडे गेले. फोनवर कळवता आलं असतं.

“उघडणार नाही,” मी सांगितलं. “आमच्याकडेही दुसरी किल्ली नसते.”

“नमुने दिसून तर राहिले.”

“दिसतात. कायम दिसतील. पण त्या खात्यातून तुम्हाला आता लिहिता येणार नाही.”

त्यांनी फोन पालथा ठेवला. “तो शब्द कोनं टाकला?”

“मी.”

“टाकायच्या आधी इकडच्या कोनाले पुसलं होतं का?”

“नाही.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागद-पेन आणलं आणि ‘खरी वनिता’चे बारा शब्द मला समोर बसवून उतरवायला लावले. स्पेलिंग दोनदा तपासलं. मग म्हणाल्या, “बाकीच्या बायाइले कोन सांगन?”

गाडीत अहवाल लिहिला; तो गुंतवणूकदारांनाही जाणार होता. पहिलं वाक्य: नागपुरात माणसं वाढलेली नाहीत. कारण म्हणून माझ्या शब्दाचं नाव घातलं. प्रमुखांचा फोन आला, तेव्हा त्यांना ताईंचं सगळं सांगितलं. “हे बैठकीनंतर पाठव ना. आत्ता आकडा पडला तर ॲपच राहणार नाही. मग त्या ताईंचे फोटो कुठे बघणार आहेस?” ते खोटं बोलत नव्हते, म्हणूनच जास्त थकायला झालं. “पाठवून झालाय,” मी म्हणाले. तेव्हा झाला नव्हता. फोन ठेवून पाठवला.

माझ्या इंग्रजी शाळेत मराठी हा एका तासाचा विषय होता. ज्या शब्दावर मी अडखळत नाही तो सगळ्यांना सोपा, अशी माझी समजूत तिथूनच आलेली असावी.

मनमाडजवळ प्रमुखांचा निरोप आला: मग खरी माणसं किती?

मला माहीत नव्हतं. ते आलेखातून कळण्यासारखं नाही, घरोघरी जावं लागेल, असं लिहिलं. कधी, असं त्यांनी विचारलं. पाठ धरली होती, डोळे उन्हाने अजून चुरचुरत होते. सोमवारी परत नागपूरला निघते, मी कळवलं.