हाकारीची आई

"तसं न्हवतंच ते, ताई. खरं काय ते आत्ता कळलं."

असं म्हणत पेंटर कानामागची पेन्सिल काढायचे आणि माझ्या काउंटरवर कागद पसरायचे. जणू वाटेत कोणीतरी गाठून त्यांना आतली बातमी दिली होती. ज्याच्याबद्दल बातमी असायची, तो माणूस खरं तर त्यांनी स्वतःच कागदावर काढलेला होता.

शिरूरला तहसील कचेरीच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. पेंटर मागच्या वस्तीत आईबरोबर एका खोलीत राहायचे. त्यांना नाव होतं, पण ते कोणी वापरत नसे. तुम्ही कधी शिरूरच्या स्टँडवर उतरला असाल, तर त्यांची अक्षरं तुम्ही वाचलेली आहेत. जुन्या दुकानांच्या पाट्या, रसवंतीच्या गाड्यावरचा बैल, शाळेच्या भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा, सगळं त्यांचं. मग फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. हाताला सवय होती, ती कुठे तरी जायला हवी होती. पेंटरांनी कॉमिक काढायला घेतलं.

पुण्याला रंग आणायला गेले की फुटपाथवरून ते जुनी इंग्रजी कॉमिक्स आणत. इंग्रजी त्यांना अडखळत यायचं, पण चित्रं सरळ वाचता यायची. एकदा त्यांनी मला समजावून सांगितलं होतं.

"तिकडं हिरो म्हातारा होतच न्हाई, ताई. बापानं वाचला, पोरानं वाचला, नातू वाचतोय, आन् ह्यो तरणाच. मग मागचं पुढचं जमंना झालं, की एक अंक काढतात आन् सांगतात, ते झालंच न्हवतं. बाप मेलाच न्हवता. लगीन लागलंच न्हवतं. वाचणारे शिव्या देतात, पर पुढचा अंक घेतात."

"आणि हे चालतं?"

"चालतं म्हंजी? नियमच हाय त्यो."

त्यांच्या हिरोचं नाव हाकारी. जगात कुठेही कोणी मदतीला हाक मारली, तर ती त्याला ऐकू यायची. दिवसा तो रांजणगावच्या कंपनीत कंत्राटी कामगार होता. हाक आली की निळ्या युनिफॉर्मची कॉलर वर करायचा आणि निघायचा. सुपरवायझर हजेरी लावत नसे, हे त्याचं कायमचं दुखणं. मोठ्या कागदाला घडी घालून आठ पानं व्हायची, काळी-पांढरी. माझ्या मशीनवर छापून आम्ही ती माझ्या काउंटरवर आणि स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे ठेवायचो. थोडी कारेगावला एका मेसमध्ये जायची. तिथले कामगार जेवताना वाचायचे, त्यामुळे परत आलेल्या अंकांवर रस्सा सांडलेला असायचा.

त्यांचा सगळ्यात कडक वाचक म्हणजे समोरच्या गॅरेजचे मिस्त्री. वयानं मोठे, सगळे त्यांना चाचा म्हणत. पहिला अंक आल्यावर त्यांनी विचारलं होतं, "हाकारी म्हंजी ढोरं हाकणारा का?" पण नंतर एकही अंक त्यांनी सोडला नाही.

दुसऱ्या अंकात हाकारीचा बाप ट्रकखाली सापडून मेला. पुढे पेंटरांना एक दमदार खलनायक हवा झाला, तेव्हा त्यांनी त्याच बापाला उभं केलं. मिस्त्री अंक हातात घेऊन रस्ता ओलांडून आले.

"पेंटर, हा मेलाय."

"तसं न्हवतंच ते, चाचा. ट्रकखाली त्याचा चुलतभाव गेला. आत्ता कळलं."

"आवो, चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स दावलाय तुम्ही. फोटो बापाचा हाय."

पेंटरांनी क्षणभर विचार केला. "फ्लेक्सवाल्याची चूक," ते म्हणाले. "त्यांचं काय, कुणाचाबी फोटो लावतात."

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा अंक कधी येणार ते विचारलं. असं बरंच काही बदललं. हाकारीचा एक डोळा गेला होता, तो परत आला. त्याची बायको नंतर बहीण असल्याचं निघालं, तेव्हा मेसमधून तक्रार आली आणि पेंटरांनी तिला घाईघाईनं शेजारीण केलं. जुन्या चित्रावर ते पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवून नवं काढायचे. झेरॉक्समध्ये त्या तुकड्याच्या कडा उमटू नयेत म्हणून मी मशीन फिकं करायचे.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी हलवली नव्हती. हाकारीला शक्ती कशी मिळाली, ती. त्याची आई वीटभट्टीवर कामाला असते. माती काढताना वरची दरड कोसळते आणि ती गळ्यापर्यंत गाडली जाते. ती हाक मारते. लांब नदीत खेळणाऱ्या लहान पोराला ती ऐकू येते, तो पळत येतो आणि एका हातानं आईला मातीतून उपसून काढतो.

ही गोष्ट खरी होती, हे मला त्यांच्या आईनं सांगितलं. म्हातारी कधी दवाखान्यातून येताना दुकानात टेकायची. मी पाणी द्यायचे. एकदा तिनं काउंटरवरचा अंक उचलला, लांब धरला, जवळ धरला. तिला वाचता येत नव्हतं.

"ही मी," ती म्हणाली. "नाक बराबर काढलंय."

"मग खरंच एका हातानं काढलं का तुम्हाला?"

"कशाचं! बोटाएवढं पोरगं व्हतं. आधी रडला, मंग हातानं माती उकरली, मंग पळत जाऊन मानसं आणली. दौंडच्या अलीकडं, भीमेच्या काठाला भट्टी व्हती बघ. माझ्या हाकंला दुसरं कुनीच आलं न्हाई. ह्योच आला." तिनं अंक पदरानं पुसला आणि जागेवर ठेवला. "एका हातानं म्हनं."

मग सर आले. दौंड, केडगाव आणि शिरूर अशा तीन ठिकाणी त्यांचे क्लास होते. माणूस वाईट नव्हता. बोलणं गोड, आणि पेंटरांना ते 'कलाकार' म्हणायचे. कामाचे कागद टाइप करायला ते माझ्याकडे येत. एकदा काउंटरवर थांबून त्यांनी हाकारीचे तीन अंक उभ्या उभ्या वाचले. त्यांना हे कॉमिक क्लासच्या मुलांना वाटायचं होतं. चांगला कागद, पुण्यात छपाई, आणि सगळं रंगीत.

"रंगीत?" पेंटरांनी विचारलं. मला आठवतं, त्यांनी फक्त तेवढंच विचारलं. आयुष्यभर रंगात हात घातलेला माणूस, आणि त्यांचा हिरो माझ्या मशीनमुळे काळा-पांढरा होता.

"रंगीत. फक्त सुरुवात जरा बदलू," सर म्हणाले. "हे वीटभट्टी वगैरे. मुलांना बघून वाटलं पाहिजे, आपण असं व्हावं. आणि पालक विचारतात हो, हा कुठल्या वस्तीतला? सगळ्यांना चालेल असं करा. चांगलं घर दाखवा, वडील सैन्यात, आई जरा घरंदाज. तुम्ही तर बदलतच असता की."

"माझी आय हाय ती, सर."

"असू द्या की. ती घरात आहेच ना तुमच्या."

पेंटर बराच वेळ पेन्सिल हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बघतो."

नवीन पहिला अंक त्यांनी माझ्या दुकानातच पुरा केला, कारण खोलीवर उजेड कमी होता. चित्रं सुंदर होती, ते सांगायला हवं. चौसोपी घर, दारात तुळस, काठाची साडी नेसलेली गोरी बाई. गावात पूर येतो आणि देवघरातून तेजाचा झोत निघून पोराच्या कानात शिरतो. फुग्यांतला मजकूर मी टाइप करून दिला.

"पेंटर, आई?" मी विचारलं.

"ही आयच हाय," ते म्हणाले. आवाजात काही नव्हतं. 'आत्ता कळलं' हे त्या वेळी ते म्हणाले नाहीत.

प्रकाशन दौंडला एका मंगल कार्यालयात होतं. माझी बहीण दौंडला असते, म्हणून मीही निघाले. पेंटर, त्यांची आई आणि मी, असे तिघे एसटीनं गेलो. म्हातारीनं नवं लुगडं नेसलं होतं. वाटेत ती खिडकीतून बोट दाखवून कुठे कुठे भट्ट्या होत्या ते सांगत होती. पेंटर समोर बघत होते.

कार्यालय मुलांनी भरलं होतं. पेंटरांना स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. टाळ्या झाल्या. सगळ्यांना एकेक अंक वाटला, तसा म्हातारीलाही मिळाला. मी शेजारीच होते. तिनं पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, शेवटपर्यंत गेली आणि पुन्हा पहिल्यापासून लागली. एकेका बाईच्या चित्रावर बोट ठेवून ती थांबत होती.

पेंटर खाली येऊन बसले तेव्हा तिनं विचारलं, "मी कुठं हाय ह्यात?"

"आये, ही नवी गोष्ट हाय."

"आन् जुनी?"

"जुनी आता न्हाई. ते तसं झालंच न्हवतं, असं धरायचं. पुस्तकात असं करत्यात."

म्हातारीनं अंक मिटला. ती रागावली नाही. नीट समजून घ्यावं अशा आवाजात तिनं विचारलं, "मंग मला मातीतनं काढलं कुनी?"

स्टेजवर सरांचं भाषण चालू होतं. पेंटरांनी मांडीवरची शाल उलगडली आणि पुन्हा घडी घातली. थोड्या वेळानं म्हातारीनं पाणी कुठे आहे ते विचारलं, आणि मी तिला घेऊन उठले. परतीच्या एसटीत म्हातारी झोपली, की डोळे मिटून बसली, मला कळलं नाही.

रंगीत अंक शिरूरला आला तेव्हा मिस्त्री आले. त्यांनी पानं चाळून बघितली, कागदाची तारीफ केली.

"ती भट्टीवाली बाई कुठं गेली?"

मी पेंटरांकडे बघितलं. जुन्या चित्रावर तुकडा चिकटवावा तशी काहीतरी सबब ते काढतील, असं मला वाटलं. चूक फ्लेक्सवाल्याची, भट्टीच्या मालकाची, कोणाची तरी.

"काढली," पेंटर म्हणाले.

"का?"

"काढली."

मिस्त्रींनी अंक काउंटरवर ठेवला आणि गॅरेजमध्ये गेले. त्यानंतर त्यांनी कधी पुढच्या अंकाची चौकशी केली नाही.

दुसरा रंगीत अंक पेंटरांकडून झाला नाही. कागद घेऊन ते यायचे, चौकटी आखायचे आणि रिकाम्या चौकटी घेऊन परत जायचे. सरांनी बरेच दिवस वाट बघितली, नंतर पुण्यातला एक मुलगा बघितला जो कॉम्प्युटरवर काढतो. पहिल्या रंगीत अंकाच्या वेळीच पेंटरांच्या सहीनं हिरो क्लासच्या नावावर झाला होता, त्यामुळे तो तसाच पुढे चालू राहिला. एका मुलीच्या हातात मी त्याचा नवा अंक पाहिला. आता हाकारी प्रयोगशाळेत तयार झालेला आहे. त्याला आई नाही, बापही नाही. मी पेंटरांना सांगितलं तेव्हा ते "बरं हाय" म्हणाले. ते टोमण्यानं म्हणाले की खरंच, हे मला आजही ठरवता येत नाही. तोवर ते कारेगावच्या एका कंपनीत लागले होते. जमिनीवर पिवळे पट्टे मारायचं काम, माणसांनी कुठून चालायचं आणि गाड्यांनी कुठून, ते दाखवणारे.

म्हातारी त्यानंतरच्या हिवाळ्यात गेली. फार आजारीही नव्हती. आदल्या आठवड्यात दुकानात टेकून पाणी पिऊन गेली होती. दौंडचा विषय तिनं पुन्हा काढला नाही, निदान माझ्यासमोर तरी.

पुण्यानुमोदनाचं कार्ड करायला पेंटर आले. बाहेर उभे राहून ते सांगत होते, मी टाइप करत होते. कालकथित, मग तिचं नाव, मग विहाराचा पत्ता.

"नावाखाली लिवा, वीटभट्टी कामगार."

मी लिहिलं.

"त्याच्याखाली लिवा," ते म्हणाले आणि थांबले. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत थांबले. "दरडीखाली गाडली गेली होती, तेव्हा मुलाने हाक ऐकली आणि तिला बाहेर काढले. असं लिवा."

मी तेही लिहिलं. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. ते वाकून वाचत राहिले. ओठ हलत होते, एकदा वाचून झालं तरी हलतच होते. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"खालची वळ कापा, ताई."

"राहू दे ना, पेंटर. बरोबर आहे."

"कापा," ते म्हणाले. "तिला ठावं व्हतं. बाकीच्यांनी काय करायचंय."

मी ओळ काढली. कार्डं घेऊन ते गेले.

खोली त्यांनी लवकरच सोडली. कंत्राटदाराला गुजरातमध्ये कुठे तरी काम मिळालं होतं, तो पट्टे मारणारी सगळी माणसं घेऊन निघाला. घरमालकाला द्यायची किल्ली पेंटरांनी माझ्याकडे ठेवली. "येतो, ताई," म्हणाले. मी गावाचं नाव विचारलं तर त्यांनाही नीट सांगता आलं नाही.

गाडी माझ्या दुकानासमोरच थांबली. पेंटरांकडे एक वळकटी, एक पिशवी आणि ब्रशांनी भरलेली एक बादली होती. लहान-मोठे, लांब दांड्यांचे, पाट्या लिहायचे बारीक, सगळे ब्रश. आत माणसं दाटीनं बसली होती. ड्रायव्हर हिंदीत म्हणाला, बादली नाही चालणार, तिथे सगळं सामान मिळतं. पेंटरांनी वाद घातला नाही. बादली फुटपाथच्या कडेला ठेवली, कोणाचा पाय लागू नये म्हणून थोडी आत सरकवली, आणि चढले. काचेतून त्यांचा हात दिसला, चेहरा दिसला नाही.

बादली दुपारभर तिथेच होती. मी दोनदा उठून बघितलं. मग दुकानात दाखल्यांची गर्दी झाली, आणि तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा ती तिथे नव्हती.