पेडणेकरकाकूंचा फणस

मी लिहावं असा काही माझा अधिकार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. आजवर परीक्षेचे पेपर लिहिले आणि लोकांचे अर्ज लिहिले, एवढंच. एखाद्या माणसावर लिहायचं तर दोघांत थोडी माया असावी लागते. पेडणेकरकाकूंना आमच्या बिल्डिंगमधलं कोणी आवडत नव्हतं आणि आम्हालाही त्या आवडत नव्हत्या. तरी लिहितो, कारण त्यांच्या बाबतीत मी याआधी एकदा लिहिलं होतं आणि ते खोटं होतं. चुकलं तर रागावू नये.

उल्हासनगर कॅम्प दोनमधली भाड्याची खोली सोडून आम्ही बदलापूरला शिरगावात फ्लॅट घेतला. दुसऱ्याच दिवशी सकाळी आई पूजेला फुलं आणायला खाली उतरली. बिल्डिंगला लागूनच काकूंचं बैठं घर आणि भोवती बाग. जास्वंदीची एक फांदी कंपाउंडच्या बाहेर आली होती. आईने तिला हात लावला आणि आतून पाण्याचा फवारा आला.

"अहो, देवाला घेतेय!" आई ओरडली.

"मग देवाला पाठव. तो आला तर टोपली भरून देईन. तू लांबून बोल."

आई चिंब भिजून वर आली. काकू रोज सकाळी पाइप घेऊन बागेत उभ्या असत. अर्धं पाणी झाडांना आणि अर्धं फुलं तोडणाऱ्यांना. फिरायला निघालेले पिशवीवाले आजोबासुद्धा त्यातून सुटले नव्हते. "लांबून बोल" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. कुरिअरवाल्याला, वर्गणी मागणाऱ्या पोरांना, बागेची जागा विकत मागायला आलेल्या बिल्डरच्या माणसाला, सगळ्यांना तेच. आई म्हणायची, "एकटी राहून राहून सडलीये बाई." हे ती खिडकीत उभी राहून, खाली ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. मग खालून उत्तर यायचं, "मी एकटी नाय. माझी माणसं आहेत इथे. तुझ्या घरातल्यांपेक्षा गप्प आहेत एवढंच."

भांडणाचं मोठं कारण होतं फणस. बागेच्या कडेला जुनं झाड होतं, त्याच्या फांद्या आमच्या पार्किंगवर आल्या होत्या. फणस पडून एका बाइकची टाकी चेपली. पानांनी गटार तुंबायचं. फांद्या तोडा म्हणून सांगायला सेक्रेटरी मोरेकाका गेले आणि ओले होऊन आले. त्या संध्याकाळी ते आमच्या घरी आले.

"तू कॉलेजवाला आहेस. नगरपालिकेला एक कडक अर्ज लिही. ऐसा लिख की झाड उडालंच पाहिजे."

मला फार बरं वाटलं. बिल्डिंगमध्ये तोवर मला कोणी नावाने ओळखत नव्हतं. मी तीनदा कच्चं लिहून मग पक्कं केलं. 'सदर वृक्ष रहिवाशांच्या जीवितास धोकादायक असून' इथवर आलो आणि वाक्य अर्धवट वाटलं. म्हणून पुढे लिहिलं, 'त्याचे खोड आतून पूर्णपणे पोकळ झाले आहे.' खोडाच्या जवळ मी कधी गेलो नव्हतो. कोणीच गेलं नव्हतं. मोरेकाकांनी मोठ्याने वाचून दाखवलं, सगळ्यांनी सह्या केल्या, आईने तर पहिली केली.

महिन्याभराने खालून हाक आली. "ए शिकलेल्या! खाली ये. हा कागद वाच."

फणसावर नगरपालिकेची नोटीस चिकटवली होती. झाड तोडण्याचं ठरतंय, हरकत असेल तर सात दिवसांत लेखी द्यावी. मी वाचून दाखवली. काकूंनी नोटिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "चपला बाहेर काढ. आणि कशाला हात लावू नको."

घरात दोन खोल्या. फरशी इतकी स्वच्छ की पाय टाकायला संकोच वाटला. भिंतीवर दोन फोटो, नवऱ्याचा आणि मुलाचा, दोघांनाही ताजी जास्वंद. मागच्या दाराने त्यांनी मला बागेत नेलं. तगर नणंदेने आणली, कढीपत्ता अंबरनाथच्या कारखान्यात पॅकिंगला त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने दिला, जास्वंद नवऱ्याने लावली. यातलं आता कोणीच नव्हतं. फणस मुलाचा. सहा वर्षांचा असताना उदयने गरा खाऊन आठळी इथे पुरली आणि उगवेपर्यंत रोज उकरून पाहिली. तो तेविसाव्या वर्षी अपघातात गेला.

फणसाच्या बुंध्याशी एक पाट होता. काकू त्यावर बसल्या, खोडाला पाठ टेकली आणि सुपातले वाल सोलायला घेतले. मी त्यांना पहिल्यांदाच कपाळावर आठी नसताना पाहिलं.

"दुपारची इथे बसते. बरं वाटतं. तोंड असं पाडू नको मेल्या, मला कीव नको. हरकत लिहायला येते ना? लिही."

तिथेच बसून मी हरकत लिहिली. उदयचं लिहिलं, आठळीचं लिहिलं, म्हातारपणाच्या आधाराचं लिहिलं. मध्ये मी खोडावर हात ठेवला. घट्ट होतं, दगडासारखं. 'खोड भरीव आहे, आधीच्या अर्जातली माहिती चुकीची आहे' एवढी एक ओळ हवी होती. पण ती लिहिली तर ती माहिती कोणी दिली हे निघणार. मी ती लिहिली नाही. काकू माझ्या पेनाकडे बघत होत्या. वाचता त्यांना फारसं येत नव्हतं. "संपलं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो, त्यांनी सही केली.

पाहणीला साहेब आले तेव्हा काकूंना वाटलं, बिल्डरचाच माणूस. त्यांनी पाइप उचलला. साहेब रस्त्यावरूनच परत गेले आणि कागदांत जे होतं त्यावर निर्णय झाला.

तोडायला माणसं आली त्या दिवशी अख्खी बिल्डिंग गॅलरीत होती. मी जिन्याच्या दारात उभा होतो. काकूंनी पाइप घेतला नाही. फांद्या उतरल्या, मग बुंध्याला करवत लागली आणि अडकली. करवतवाला वैतागून म्हणाला, "पोकळ कोण बोलला रे? हा तर लोखंड आहे."

काकूंनी नगरपालिकेच्या माणसाला विचारलं, "पोकळ कोणी लिहिलं? दाखव."

त्याने फाइल उघडून अर्ज दाखवला. मग तो हसला. "आजी, गंमत बघा. तुमची हरकत पण त्याच अक्षरात आहे. भरीव असल्याचं मात्र लिहायचं राहिलं वाटतं."

काकूंनी दोन्ही कागद शेजारी धरून पाहिले. मग जिन्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या पडतील. शिव्यांची मी वाट पाहिली.

"अक्षर चांगलं आहे तुझं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यानंतर त्यांनी बागेत पाणी घालणं सोडलं. आईने एका सकाळी हवी तेवढी जास्वंद तोडली आणि रिकाम्या हाताने वर आली. फुलं तिने तिथेच कंपाउंडवर ठेवली होती. मी दोनदा काकूंच्या दारात गेलो. दोन्ही वेळा आतून आवाज आला, "लांबून बोल." लांबून बोलण्यासारखं ते नव्हतं. मी परत आलो. पावसाळ्याआधी घराला कुलूप लावून त्या कुडाळकडे भावाच्या घरी निघून गेल्या. मी ठरवलं, परीक्षा झाली की तिकडे जायचं आणि समोर उभं राहून सांगायचं, ते वाक्य बिल्डिंगचं नव्हतं, माझं होतं. परीक्षा झाली. मग दुसरी आली.

गेल्या आठवड्यात त्यांचा भाचा घर दाखवायला गिऱ्हाईक घेऊन आला. मी धावत खाली गेलो आणि काकू कशा आहेत विचारलं.

"आत्या गेली. महिना झाला."

काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, तिकडे त्यांचं मन रमलं होतं का.

"नाय ओ," तो कुलूप काढता काढता म्हणाला. "आमच्या परसात सात फणस आहेत. मी एकाच्या बुंध्याशी पाट पण मांडून दिला होता. एक दिवस पण बसली नाय. भिंतीकडे तोंड करून ओटीवर बसायची."