कमी पडलेला फर्मा

माझ्या नावावर एकही पुस्तक नाही. जी अठरा-वीस आहेत ती एका पुरुषाच्या नावावर आहेत, आणि तो पुरुष कधी जन्मलाच नाही. घाटकोपरला छापखान्याच्या माळ्यावर बसणाऱ्या माझ्या प्रकाशकाने ते नाव शोधून काढलं. "वहिनी, बाईने लिहिलेले खून कोण वाचणार?" असं म्हणाला आणि स्वतःच हसला. मीही हसले. तेव्हा मी फार हसायचे, कुणी काहीही बोललं तरी.

आम्ही विक्रोळीला चाळीत राहायचो. नवरा कारखान्यात पहिल्या पाळीला. दुपारची भांडी आवरली की मी पाटावर वही ठेवून बसायचे आणि चहाच्या वेळेपर्यंत दोन मुडदे पाडायचे. आमची पुस्तकं दुकानात विकायला नसायची, पत्र्याच्या टपरीतल्या लायब्ररीत भाड्याने जायची. मापही ठरलेलं होतं: सोळा पानांचा एक फर्मा आणि पुस्तकाला आठ फर्मे. खुनी सहाव्या फर्म्यात सापडला तरी आठवा भरायचाच, नाहीतर प्रेसवाला बोंब मारणार. साहित्य कसलं, डोंबलाचं!

माझी नायिका लेडी इन्स्पेक्टर होती. बूट, पिस्तूल, जीप, सगळं तिला दिलं होतं मी. ती गुत्त्यात शिरली की दाढीवाले भाई घामाघूम व्हायचे. आणि जिच्याकडे बघून ती सुचली, ती शेजारच्या खोलीतली महिला पोलीस होती. माझ्याच वयाची, मालवणकडची, एकटी राहायची. तिच्याकडे ना पिस्तूल ना जीप. बायकांची झडती घे, चुकलेलं पोर सांभाळ, साहेबाच्या घरी हळदीकुंकू असलं की बंदोबस्ताच्या नावाखाली बायकांना पाणी दे, ही तिची नोकरी.

सुट्टीच्या दिवशी ती माझ्या उंबऱ्यावर तांदूळ निवडायला बसायची आणि पोलीस ठाण्यातल्या गोष्टी सांगायची. मी कान टवकारून ऐकायचे आणि ती गेली की लगेच लिहून काढायचे. तिलाही ते माहीत होतं, आवडायचंही. एकदा म्हणाली, "तुझी पुस्तकं खाडीकडच्या गुत्त्यावर पण वाचतात गं. दारावर तो एक लंबू बसतो ना, दिवसभर काम नाय मेल्याला. लायब्ररीतून आणतो आणि चाटतो."

मला काय वाटावं? भीती? छे! मला इतका आनंद झाला की मी तिला अजून एक कप चहा केला. गुन्हेगार माझं लिखाण वाचतात, म्हणजे मी किती खरं लिहिते!

त्याच उंबऱ्यावर तिने मला छत्रीवालीची गोष्ट सांगितली.

त्या गुत्त्यासमोर रस्त्याच्या कडेला एक बाई चकणा विकायची. उकडलेली अंडी, चणे आणि कढईत तळलेले बोंबील. नवरा त्याच गुत्त्याची दारू पिऊन मेलेला. डोक्यावर काळी छत्री बांबूला बांधलेली, कारण तिथे झाड नाही की आडोसा नाही. ही बाई माझ्या शेजारणीची खबरी होती. ज्या भाईला पोलीस शोधत होते तो आत आला, की ती भर उन्हात छत्री मिटून टोपलीवर आडवी ठेवायची. शेजारीण साडी नेसून, हातात भाजीची पिशवी घेऊन समोरून जायची. छत्री उघडी असली तर सरळ घरी, मिटलेली दिसली तर ठाण्यात फोन. दोनदा धाड पडली, दोन्हीदा भाई थोडक्यात निसटला, आणि दोन्हीदा शाबासकी साहेबाला मिळाली.

सांगून झाल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं आणि माझा हात धरला. "बाकी काय वाट्टेल ते लिव. ह्यां लिवू नको. त्या बायचो जीव जाईल." ती नेहमी माझ्याशी मुंबईचंच बोलायची. गावची बोली तिच्या तोंडी तेव्हाच यायची जेव्हा ती घाबरलेली असायची. मी म्हटलं, "वेडी का गं तू? देवाची शपथ."

त्या महिन्याचं पुस्तक मी छत्रीशिवायच लिहिलं. हे मी आजही स्वतःला सांगते, जणू त्याने काही फरक पडतो.

चार दिवसांनी प्रकाशकाचा निरोप आला. घाटकोपरला गेले तर तो डोकं धरून बसलेला. "वहिनी, वाट लागली. सातच फर्मे भरले. एक कमी पडतोय. उद्या सकाळी मशीन मोकळं आहे, नाहीतर पुढचा महिना." मी म्हटलं, टाइप मोठा करा. म्हणाला, केलाच आहे. मग त्याने मला तिथेच टेबल दिलं, चहा मागवला आणि कोरे कागद पुढे सरकवले.

सोळा पानं. डोक्यात काही नव्हतं. जे होतं ते एकच होतं, आणि ते इतकं झकास होतं की हात आपोआप चालला. मी हुशारीही केली हो! विक्रोळीचं खारदांडा केलं. चकणावालीची कोळीण केली, बोंबलाची कोलंबी केली. गुत्त्याचा जुगाराचा अड्डा केला. नवऱ्याला दारूऐवजी समुद्रात बुडवलं. सगळं बदललं. छत्री तेवढी ठेवली, कारण छत्री काढली तर प्रसंगात उरत काय होतं? त्या तीन तासांत मी जन्मात लिहिलं नव्हतं इतकं चांगलं लिहिलं. शपथ आठवली नाही असं नाही. आठवली, आणि मी पुढचा कागद घेतला.

पुस्तक लायब्रऱ्यांत गेलं आणि तीन आठवडे काहीच झालं नाही. मी निर्धास्त झाले.

मग एका दुपारी शेजारीण दारात आली. अंगावर युनिफॉर्म, हातात माझं पुस्तक, लायब्ररीचं तपकिरी कव्हर घातलेलं. आत ये म्हटलं तर आली नाही. तिने एवढंच सांगितलं, की भर रस्त्यात, लोकांच्या डोळ्यांदेखत, गुत्त्यावरच्या त्या लंबूने आणि आणखी दोघांनी छत्रीवालीचे दोन्ही हात धरून तिच्याच कढईत घातले. उकळत्या तेलात. त्याआधी लंबूने तिची छत्री मिटून तिच्या टोपलीवर आडवी ठेवली होती, नीट, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

मी बोलायला गेले, "अगं, मी तर खारदांडा..."

"गप," ती म्हणाली. पुस्तक उंबऱ्यावर ठेवलं, जिथे ती तांदूळ निवडायची तिथेच, आणि गेली. त्यानंतर आमच्या दोन खोल्यांमध्ये एक भिंत होती आणि ती पुरेशी होती.

तिकडे प्रकाशक खूश. वाचकांची पत्रं येत होती, छत्रीवाल्या कोळिणीचं काय झालं, ती पुढच्या पुस्तकात आहे का? "वहिनी, तिला परत आणा!" मी त्या दिवशी त्याच्या अंगावर चहाचा कप फेकला. त्याला वाटलं, बाईमाणूस आहे, डोकं फिरलं असेल. त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. पण त्यात कसला आलाय त्याग? हात शाबूत ठेवून लिहिणं सोडलं, एवढंच.

वर्षाने शेजारणीची बदली झाली. सामान टेम्पोत चढवताना ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "चारकोपला असते ती आता, बहिणीकडे. कारखान्यांच्या गेटासमोर पेरू विकते. जा, बघून ये." आणि थोडं थांबून म्हणाली, "ते पण लिही."

मी गेले. पायांत पडायचं, सगळं कबूल करायचं, असं बसभर घोकत गेले. गेटासमोर पाचसहा फेरीवाल्या होत्या, पण ओळखायला वेळ लागला नाही. हात कोपरापर्यंत गुलाबी, चकचकीत, बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी आत वळलेली. गिऱ्हाईक स्वतःच पेरू निवडत होतं आणि पैसे तिच्या ओटीत टाकत होतं. मी समोर उभी राहिले.

तिने डोळ्यांवर ऊन आलं म्हणून मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. मी कोण ते तिला कुठून कळणार? पुस्तकावर तर एका पुरुषाचं नाव होतं.

"ताई," ती म्हणाली, "तेवढी छत्री उघडून द्या ना. माझ्या बोटांनी खटका दाबवत नाय."

मी छत्री उघडली, तिच्या डोक्यावर बांबूला नीट बांधली. दोन पेरू घेतले. आणि बसस्टॉपकडे चालू लागले.