भानीआत्याचा धवला

ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. मुलाखतींत भानीआत्याचं नाव मी हौसेनं घेते — तिच्या मांडीवर बसून गाणं ऐकलं, वगैरे — आणि नेमकं हे गिळून टाकते. आज तुम्हाला सांगते. घसा साफ करून झाला, आता टाळाटाळ नको.

तुम्ही मला ओळखता ते एकाच गाण्यामुळे. कारगिलच्या लढाईत मी जवानांसमोर गायले — छावण्यांत, इस्पितळांत. सीमेवर निघालेल्या लेकाचं ते गाणं तेव्हाचंच. पुढे त्याची कॅसेट निघाली. बोईसरच्या रिक्षांत वाजली, पालघरच्या गणपतीत वाजली. कव्हरवर गायिका मी आणि चालही माझी. माझी? कुठली माझी?

चाल आत्याची होती. आत्या चिंचणीची धवलारी — आमच्या मच्छीमार वस्तीत हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्नाचे सगळे विधी गाऊन चालवणारी बाई. त्या गाण्यांना धवले म्हणतात. लेक सासरी निघाली की आत्या जो धवला म्हणायची, तोच मी उचलला आणि शब्द बदलून लेकीच्या जागी शिपाई घातला. जवान रडायचे. मीही रडायचे, आणि ते रडणं खोटं नव्हतं. आत्याला कळलं तेव्हा ती हरखलीच. सुकट विकायला जाईल तिथे सांगायची, आमच्या बायची कॅसेट आली. म्हणजे नुसती चोरी असती तर — ती तिनं केव्हाच पोटात घातली होती.

पण मग ते लग्न आलं. चिंचणीतच, नात्यातल्या मुलीचं. वऱ्हाड बोईसरचं. मी मानाची पाहुणी, पुढच्या खुर्चीत. पाठवणीला आत्यानं धवला धरला. दोन ओळी झाल्या असतील, तोच नवरदेवाचा मामा हसत म्हणाला, की आम्हाला वाटलं धवलारी आणलीय, ही तर कॅसेट वाजवतेय. सगळा मांडव हसला. कुणीतरी म्हणालं, गाण्याची मालकीण समोरच बसलीय, तिलाच विचारा की.

सगळे माझ्याकडे वळले. आत्याही वळली. ती घाबरलेली नव्हती हो. तिच्या चेहऱ्यावर खात्री होती — आता माझी बाय सांगेल. खरं बोलले असते तर काय झालं असतं? कव्हरवरचं नाव गेलं असतं, सत्कार खोटे ठरले असते... एवढंच ना? मी हसले. आणि म्हणाले, "गाऊ द्या हो तिला. आत्याला माझं गाणं फार आवडतं."

बघा कशी बोलले. वर टाळ्या मिळाल्या — केवढं मोठं मन बाईचं!

आत्या पुढे गायली नाही. मुलगी तशीच निघाली. नंतर मांडवामागे आत्या हात धूत होती, तिथे मी गेले. काय सांगायला गेले होते, कुणास ठाऊक.

"बाय," ती म्हणाली, "तो धवला आता तुजा हाय. मी नाय गानार."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. पुढे लोक तिला कॅसेटवाली म्हणून चिडवू लागले. बोलावणी कमी झाली. मी सगळं ऐकत होते आणि गप्प होते.

गेल्या वर्षी माझ्या सायलीचं लग्न झालं. जवळच्याच पाम गावात दिली तिला. आत्या आता फार थकलीय, तरी आली. हळदीपासून सगळं तिनंच गाऊन केलं. पाठवणीला मात्र थांबली, आणि माझ्याकडे बघितलं. सगळा मांडव थांबला. मी तोंड उघडलं — आणि लेकीचे शब्द आठवेनात. एकही नाही. तोंडात आलं ते शिपायाचं, बंदुकीचं, बर्फाचं. आत्याला सगळा धवला पाठ होता, हाताच्या अंतरावर उभी होती ती. पण शब्द मागायला मला तोंड कुठं होतं?

माझी एकुलती एक पोर लढाईच्या गाण्यावर सासरी गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या ओठ मिटून उभी होती.