बाईंच्या दोन लिंबोण्या

बाई लिंबोणीच्या बुंध्याभोवतीची माती खुरप्याने स्वतःकडे ओढत होत्या. मी ट्रंक घेऊन फाटकात उभी होते. मान वर न करता त्या म्हणाल्या, "पाय जपून टाक. मुळं उघडी आहेत." आणखी चार-सहा मुठी माती त्यांनी बाजूला केली, मुळांवरची धूळ बोटांनी झाडली, मग उठून पदराला हात पुसत विचारले, "शेवगावची कुसुम ना तू? जेवलीस का?"

मार्थाबाईंची आणि माझी ती पहिली भेट. भाद्रपद संपत आला होता. लढाई चालू होती आणि नगरच्या रस्त्यांवर लष्कराच्या मोटारी धुरळा उडवत होत्या. मुलींच्या शाळेत मला सहायक शिक्षिकेची जागा मिळाली होती, पण राहायला जागा नव्हती. बाईंनी मला पाहिलेही नव्हते, तरी घरातली मागची खोली झाडून ठेवली होती.

बाईंना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या शिकवण्याविषयी, शाळेच्या बोर्डिंगातल्या कामाविषयी या गौरवग्रंथात इतरांनी लिहिले आहे. माझ्या वाट्याला बाग आली. शाळेतला बागकामाचा तास गेली काही वर्षे मी घेते, म्हणून बागेवर मीच लिहावे असे संपादकांना वाटले. तो तास माझ्याकडे कसा आला हे त्यांना ठाऊक नाही. बाईंनाही ठाऊक नव्हते.

बाग म्हणजे घरामागची तीन-चार गुंठे मुरमाड जमीन आणि एक विहीर. पाऊस ओसरू लागला की बाईंची घाई सुरू होई. दोडक्या-घोसाळ्यांचे वेल उतरवून खताच्या खड्ड्यात टाकायचे. बियांसाठी वेलावर वाळवलेली फळे फोडायची, बी राखेत घोळून मडक्यात भरायचे. शेवंती वाऱ्याने लोळू नये म्हणून तिला तुरकाठ्यांचा आधार द्यायचा. मग मेथी, मुळा, कोथिंबीर यांचे वाफे. धने पेरण्याआधी वहाणेखाली रगडून त्यांच्या दोन फाकी करतात. बाई आधी वहाण विहिरीवर नेऊन घासून धूत. मुलींना हसू येई. बाई म्हणत, "हसा. पण हे उद्या तुमच्याच ताटात येणार आहे."

पहिला तोडा स्वतःच्या घरी शिजवायचा नाही, असा त्यांचा नियम होता. तो बोर्डिंगात जाई. दुसराही बऱ्याचदा तिकडेच जाई. नियम दुसऱ्या तोड्याला लागू नाही, असे मी एकदा सुचवून पाहिले. बाईंनी ते ऐकले आणि टोपली माझ्याच हाती देऊन मला बोर्डिंगात पाठवले.

त्या पहिल्या वर्षी माझी आई शेवगावहून चार दिवस आली. ख्रिस्ती घरात ती जेवणार नाही, हे बाईंना कसे सांगावे या काळजीत मी दोन रात्री नीट झोपले नाही. आई आली तेव्हा मागच्या पडवीत नवी चूल घातलेली होती. शेजारी कोरे मडके, कोरडा शिधा आणि मेथीची जुडी. बाईंनी आईला विहीर दाखवली, पाणी तुमचं तुम्ही शेंदा असे सांगितले आणि चार दिवस त्या पडवीकडे फिरकल्या नाहीत. निघताना त्यांनी लोणच्याची बरणी पुढे केली. आईने हात पुढे केला नाही. बाईंनी बरणी आत ठेवली आणि लिंबे आणली. म्हणाल्या, "लोणचं तुम्ही घाला. लिंबं झाडाची आहेत." आईने ओटीत लिंबे घेतली. पुढे कितीतरी वर्षे ती मला लिहिलेल्या पत्रांत त्या लिंबांची चौकशी करी.

लिंबोण्या दोन होत्या. एक विहिरीकडची, एक कुंपणाकडची. बाई हस्ताचा बहार धरत, म्हणजे हस्त नक्षत्राच्या सुमारास झाड फुलवत, कारण त्याची फळे उन्हाळ्यात हाती येतात. त्यासाठी गणपतीपासून झाडांचे पाणी तोडायचे. मग बुंध्याभोवती चार बोटे खोल माती काढून मुळे उन्हात उघडी टाकायची. पंधरा दिवस झाडाकडे पाहवत नाही. पाने मलूल होतात, वळतात, गळतात. पुरेशी गळली की शेणखत घालून माती परत ओढायची, आधी हलके पाणी द्यायचे, मग भरपूर. तीन आठवड्यांत झाड फुलांनी पांढरे होते. बाई म्हणत, "झाडाला वाटलं पाहिजे की आता आपलं काही खरं नाही. मगच ते फुलतं."

बोर्डिंगात स्वयंपाक करणारी रखमा बाईंच्याच ख्रिस्ती मंडळीतली होती. ती म्हणे, "आपल्या किरिस्तावाच्या घरात एक झाडच तेवढं उपासाचं राह्यलं." पण उन्हाळ्यात पहिली पाटी भरली की तीच बरण्या उन्हात मांडून बसे. लढाईच्या दिवसांत भाजी महाग, तेल मिळेनासे झालेले. अनेक दिवस मुलींच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि लिंबाच्या लोणच्याची फोड, एवढेच असे. त्या दोन झाडांचा बहार ही हौस नव्हती.

माझ्या दुसऱ्या वर्षी, मुळे उघडी करून तीन दिवस झाले असताना, बाईंचे थोरले भाऊ आजारी असल्याचा निरोप कर्जतहून आला. मोटारीची वेळ झाली होती. निघता निघता त्यांनी सांगितले, "वाफ्यांना रोज पाणी. शेवंतीला एक दिवसाआड. लिंबोण्यांकडे बघूसुद्धा नकोस."

मी बघितले. त्या वर्षी आश्विनाचे ऊन फार होते. बाई गेल्यापासून सातव्या दिवशी विहिरीकडच्या लिंबोणीखाली पानांचा थर पडला. उरलेली पाने कागदासारखी वाजू लागली. कुंपणाकडची तिच्या मागोमाग चालली होती. आठव्या दिवशी संध्याकाळी मी वाफ्यांना पाणी देत होते. हातातली घागर मी विहिरीकडच्या झाडाच्या उघड्या मुळांवर ओतली. मग आणखी दोन. मग कुंपणाकडच्या झाडाला तीन. सकाळी पाने ताठ झाली होती. मला बरे वाटले. एकूण तीन दिवस मी रोज तेवढे पाणी दिले.

झाडांची दया आली, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितले. ते खरे नाही. झाडे वाळली तर दोष माझ्यावर येईल, ही भीती होती. बाईंच्या जाणतेपणापेक्षा माझ्या भीतीवर माझा विश्वास जास्त होता.

बाई परत येत असल्याचे कार्ड आले तेव्हा मी पाणी बंद केले. ओल दिसू नये म्हणून मुळांवर कोरडी धूळ भुरभुरली.

बाई आल्या त्या पिशवी हातात घेऊन थेट झाडाशी गेल्या. बसून त्यांनी एका मुळाला नख लावले. सालीखाली ओल लागली. मग विचारले, "इकडे पाऊस झाला का?"

"नाही," मी म्हटले. ते खरे होते.

त्यांनी मान हलवली. वाफ्यांपाशी येऊन म्हणाल्या, "मेथी छान राखलीस."

त्यांनी झाडांना आणखी थोडे दिवस दिले, मग खत घातले, माती ओढली, पाणी सोडले. कोवळी पालवी आली. भरपूर आली. रोज सकाळी चष्मा लावून बाई फांद्यांचे शेंडे पाहत आणि घरात येत. कळी आली नाही.

वैशाखात रखमा रिकाम्या बरण्या धुऊन दारात आली. "औंदा लोनचं न्हाईच का, बाई? पोरींस्नी काय घालू?"

"माझा हात चुकला, रखमा," बाई म्हणाल्या. "मुळं उशिरा उघडली असतील. आता अंदाज येत नाही मला."

मी तिथेच होते. तांदूळ निवडत होते. त्या उन्हाळ्यात बोर्डिंगातल्या मुलींनी भाकरीबरोबर मीठ-मिरची खाल्ली. त्यांतल्या काही आज आया झाल्या असतील आणि काहींच्या हाती हा ग्रंथ येईल. त्यांनाही हे कळावे.

पुढच्या भाद्रपदापासून बाईंनी लिंबोण्यांना खुरपे लावले नाही. ज्याला स्वतःचाच अंदाज येत नाही त्याने मुलींना काय सांगावे, असे म्हणून त्यांनी शाळेतला बागकामाचा तासही सोडला. मुख्याध्यापिकांनी विचारले, मग कोणाला द्यायचा. बाई म्हणाल्या, "कुसुमला द्या. मी नव्हते तेव्हा तिनं वाफे राखले. तिच्या हाताला गुण आहे."

मी तो तास घेतला.

त्यानंतर दोन वर्षांनी विहिरीकडची लिंबोणी बाईंनी तोडायला लावली. फळ नाही, उगाच जागा अडवते, असे म्हणाल्या. झाड विहिरीवर पडू नये म्हणून फांदीला दोर बांधला होता. तो मी धरला होता. खोड कापले तेव्हा आतून ते अगदी ओले आणि निरोगी होते. तोडणाऱ्याने तसे बोलूनही दाखवले. बाई म्हणाल्या, "असेल." आणि आत गेल्या.

सांगायला मला वेळ मिळाला नाही असे नाही. सहा वर्षे मी त्यांच्या घरात राहिले. मला हिवताप आला तेव्हा त्या आठवडाभर उशाशी बसल्या. त्या तापात मी बडबडले असेन आणि त्यांना कळले असेल, अशी आशा मी धरली होती. कळले नव्हते. मी शाळेच्या खोलीत राहायला गेले त्या दिवशी त्यांनी मला राखेत घोळलेल्या बियांची पाच मडकी दिली. त्या दिवशीही मी गप्प होते. मुलींना मी दर वर्षी हस्ताचा बहार शिकवते. बाईंचे वाक्य सांगते. ते वाक्य कोणाचे हेही सांगते. बाकीचे सांगितले नाही.

गौरव करताना माणूस आपल्याला काय मिळाले ते लिहितो. मला बाईंकडून घर मिळाले, विद्या मिळाली, तास मिळाला. त्यांतली शेवटची गोष्ट त्यांनी दिली ती चुकीच्या समजुतीने. ती समजूत मी करून दिली होती. म्हणून तो तास मी इथे, सर्वांसमोर परत करते.

बाईंना पुष्कळ आयुष्य मिळो. त्यांचे गुडघे मातीपर्यंत वाकत राहोत. पालवी कोणती आणि कळी कोणती, हे त्यांच्या डोळ्यांना शेवटपर्यंत दिसत राहो.

लेख इथे संपला होता. संपादकांकडे देण्याआधी भाद्रपदातल्या एका संध्याकाळी मी तो बाईंना त्यांच्या ओट्यावर बसून वाचून दाखवला. त्यांनी मधे एकदाही अडवले नाही. वाचून झाल्यावर विचारले, "किती घागरी म्हणालीस?"

"एकेका झाडाला तीन."

"तीन दिवस?"

"हो."

त्या मनाशी काही जुळवत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझा हात चुकला नव्हता." आणि पुढे, "विहिरीकडची मी तोडली."

लेख देऊ नको का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "दे. पण त्यात वीतभर खोल लिहिलं आहेस. चार बोटं कर. वीतभर उकरलं तर वाचणाऱ्याचं झाड मरेल." मी ते वर दुरुस्त केले आहे.

त्या उठल्या आणि आत गेल्या. जेवलीस का, असे त्यांनी विचारले नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा घडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना मी फाटकाशी थांबले. बाई कुंपणाकडच्या लिंबोणीशी बसल्या होत्या. अर्धे आळे उकरून झाले होते, चार बोटे खोल, सगळीकडे सारखे. त्यांनी मान वर केली नाही. मी फाटक न उघडता पुढे गेले.