शालूचं नवं कार्ड

देवाची भांडी चिंचेने घासत होते. समई झाली, ताम्हन राहिलं होतं, तेवढ्यात जिन्यात काहीतरी जोरात आदळलं. तशाच चिंचेच्या हातांनी दार उघडलं.

शालू आमच्या सोसायटीचे जिने झाडते. नवरा गेल्यावर मुलीला, पायलला, घेऊन वाशीमहून धायरीला आली, त्याला नऊ वर्षं झाली. सरकारने किमान वेतन वाढवलं, तसा तिच्या खात्यात पगार वाढून येऊ लागला. पण झाडणाऱ्या सगळ्या बायकांची एटीएम कार्डं ठेकेदाराचा सुपरवायझर इंद्रजीत याच्या खिशात. वाढ तोच काढून घेई, बायकांच्या हातावर जुनाच पगार. सोमवारी शालूने बँकेत जाऊन ते कार्ड बंद केलं, नवं घेतलं. आज मशीनने इंद्रजीतला रिकाम्या हाताने परत पाठवलं, तसा तो थेट आमच्या जिन्यात शालूवर चालून आला होता.

"लय शानी झालीस," म्हणत त्याने केस धरून तिचं डोकं कठड्यावर आपटलं. "नवं कार्ड कुठं हाय?"

"माह्याजवळ हाये. पगार माहा, तुह्या बापाचा नाही."

त्याने फरशी पुसायचा दांडा तिच्या मनगटावर घातला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. मग पोटात लाथ, पुन्हा लाथ. मी "सोड तिला" म्हणत राहिले, पण पायरी उतरले नाही. शालूनेच डाव्या हाताने फिनेलची बादली त्याच्या तोंडावर रिकामी केली. तो डोळे दाबत गडगडत खाली गेला. ती मागोमाग. मोडका हात लोंबतोय आणि दुसऱ्या हाताने त्याच्या हातून सुटलेला दांडा त्याच्यावरच चालू. "हा आखाडातला पगार. हा श्रावणातला." त्याचे दात जिन्यावर सांडले. तेव्हा कुठे मी खाली धावले आणि तिला मागे ओढलं.

आता शालू दवाखान्यात, शेजारी पोलीस बसलेत. इंद्रजीतने तक्रार दिलीय, बाईने पैशासाठी अंगावर ॲसिड टाकलं. पाहणारी मी एकटीच.

हे म्हणाले, "साक्षीदारबाई, इंद्रजीतचा चुलता आपला चेअरमन आहे. नळ बंद झाला तर देवाला अंघोळ कशाने घालणार?"

"तुम्ही टँकरचा नंबर शोधून ठेवा," मी म्हटलं.

दत्तगुरूंसमोर हात जोडले. तिने शेवटी मारलं, तेही सांगेन. पण आधी कुणी मारलं, कशासाठी मारलं, तिथून सुरुवात करेन.

मी पोलीस चौकीत जबाब द्यायला निघाले.